लाल चड्डीवाला

तर झालं असं, की गेल्या दिवाळीच्या आधीचे तीन वीकेंड मी एटीएम कार्डाएवढ्या एका हिरव्या बोर्डापुढे बसून घालवले. रूममेट म्हणाला, "आठवडाभर कॉम्प्युटर, शनिवार-रविवारी पण कॉम्प्युटर, तुला दुसरं काही सुचत नाही का?" खरं आहे. पण हा बोर्ड रास्पबेरी पाय, म्हणजे खेळणं या सदरात मोडतो. कामाचा नाही, म्हणून वीकेंडला चालतो. :)

रास्पबेरी पाय २०१२ च्या फेब्रुवारीत आला, तेही २९ तारखेला. केंब्रिजच्या काही मंडळींना शाळेतल्या पोरांनी स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकावं असं वाटत होतं, त्यातून तो निघाला. आता आपण इंजिनीअर लोक काय करतो, तर असली वस्तू मोठ्या उत्साहाने विकत घेतो, एक एलईडी लुकलुकवतो आणि ड्रॉवरमध्ये टाकून देतो. माझा थ्री बी प्लस असाच चार वर्षं मोबाइलच्या जुन्या खोक्यात झोपला होता. वाचणाऱ्यांपैकी निदान दहा जणांचा आत्ता ड्रॉवरमध्ये आहे, पैज लावतो.

त्याला उठवायचं कारण पुतण्या. बारक्या सहा वर्षांचा झाला आणि फोनवर म्हणाला, "काका, पप्पा म्हणतात तुमच्याकडे लहानपणी टीव्ही गेम होता. तो आण की."

टीव्ही गेम! तुम्ही साधारण माझ्या वयाचे असाल, तर तुमच्याकडे किंवा शेजाऱ्यांकडे तो होताच. राखाडी डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९९९ इन १', प्रत्यक्षात गेम सात-आठच आणि बाकी तेच परत परत. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. तो डबा म्हणजे निंटेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मूळ फॅमिकॉम १९८३ साली जपानात आला. आमच्या घरी सांगलीत त्याची नक्कल पोचली २००४ साली, हरभट रोडवरून, साडेतीनशे रुपयांत. मी सात वर्षांचा, दादा तेरा.

पहिला रिमोट दादाचा, दुसरा माझा. दुसऱ्या रिमोटवर स्टार्टचं बटणच नव्हतं. त्यामुळे गेम कधी चालू करायचा, कधी थांबवायचा आणि कुठला खेळायचा, सगळं दादाच्या हातात. काँट्रामध्ये पहिला खेळाडू निळ्या पँटचा आणि दुसरा लाल पँटचा. आमच्या भाषेत निळी चड्डी आणि लाल चड्डी. मी जन्मजात लाल चड्डी.

तर हा टीव्ही गेम आण म्हणे. कुठून आणणार? तो राहिलेलाच नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिला वीकेंड सोपा गेला. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी सांगतो. रेट्रोपाय नावाची तयार सिस्टिम फुकट मिळते, ती ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर लिहायची, कार्ड पायमध्ये घालायचं आणि चालू करायचं. पहिल्याच स्क्रीनवर ती विचारते, की तुझ्या रिमोटचं वर कुठलं, खाली कुठलं, ए कुठलं, बी कुठलं. रिमोट मी तपकीर गल्लीतून आणले, यूएसबीचे, दोन. दोन्हीवर स्टार्ट आहे. (दादाला हे आवडणार नाही, असं तेव्हाच मनात आलं.)

चालू केलं तर कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली. मला वाटलं काहीतरी फॅन्सी लोगो असेल. मग कळलं, की व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पाय ही वीज दाखवून बोंब मारतो. मी मोबाइलचा चार्जर लावला होता. गेम मधेच अडकायचा, एकदा तर कार्डावरचं सगळं करप्ट झालं आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ५.१ व्होल्ट आणि अडीच अँपिअरचा त्याचा स्वतःचा अडॅप्टर आणला आणि वीज गेली. धडा: पायला कधीही मोबाइलचा चार्जर लावू नये.

आता गेमच्या फायलींबद्दल. इथे जरा प्रामाणिक राहू. आपल्या कॉम्प्युटरला जुन्या मशीनचं सोंग आणायला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर, आणि तो वापरण्यात काही गैर नाही. गेमचा कॉपीराइट मात्र कंपनीकडेच असतो, गेम कितीही जुना असला तरी. आमची ती पिवळी कॅसेटही चोरीचीच होती म्हणा, सांगलीतल्या सगळ्या कॅसेटी तशाच. पण तेव्हा कळत नव्हतं आणि आता कळतं, एवढा फरक आहे. कोनामीने २०१९ साली काँट्राचे जुने गेम एकत्र करून विकायला काढले, तो संच मी विकत घेतला. त्याने सगळं कायदेशीर झालं असा दावा नाही, पण झोप बरी लागली.

एक गंमत सांगतो. तो अख्खा काँट्रा, आठ लेव्हल, संगीत आणि शेवटचं ते धडधडणारं हृदय धरून, १२८ केबीचा आहे. मावशीचा सुप्रभातचा फोटो याहून जड असतो. मूळ मशीनची रॅम दोन केबी. माझ्या पायमध्ये एक जीबी, म्हणजे पाच लाख पटींहून जास्त. आणि आम्ही ऑफिसात आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडत नाही म्हणून तिकीट टाकतो.

तर सगळं झालं. शनिवारी रात्री एकटाच खेळायला बसलो आणि... मजा आली नाही. पहिल्या लेव्हलला तीन वेळा मेलो. सैनिक पटापट अंगावर येत होते, संगीत घाईघाईत वाजत होतं. मला वाटलं वय झालं. अठ्ठाविसाव्या वर्षी. दिला सोडून आणि झोपलो.

आता तो जुना डबा गेला कुठे ते.

आमचं खाली दुकान आणि वर घर. दुकान मोटर रिवाइंडिंगचं, शिवाय मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप. बाबांचं होतं. २०११ साली बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा दादा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने कॉलेज सोडलं आणि दुकानात बसला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. मी आठवीत होतो. माझी इंजिनीअरिंगची फी त्या दुकानातून गेली. बाबा २०१७ साली गेले, त्यानंतरच्या सेमिस्टरची फीसुद्धा वेळेत भरलेली होती. हे सगळं मी तेव्हा फारसं मोजत नव्हतो. फी भरली जाते, एवढंच माहीत.

२०१९ च्या जुलैमध्ये मला पुण्यात नोकरी लागली आणि ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमचं दुकान पूर्ण पाण्यात गेलं. आई, वहिनी आणि दादा वरच्या मजल्यावर. माझं ट्रेनिंग चालू होतं आणि हायवे बंद होता. दोन्ही कारणं खरी होती. पण हायवे सुरू झाल्यावरही मी लगेच निघालो नाही, कारण ट्रेनिंगची परीक्षा होती. पहिल्या पगारातले पैसे पाठवले, फोन केले. गेलो तेव्हा चिखल गुडघ्यापर्यंत होता आणि दादा लोकांच्या मोटरी एकेक करून बाहेर काढून पाण्याने धूत होता. मी दारात उभा, पायात नवे बूट, हातात मोबाइल. फोटो काढत होतो, विम्याला लागतील म्हणून. खरंच त्यासाठीच.

दादा वर न बघता म्हणाला, "फोटो काढून झाले असतील तर ही मोटर धर."

एवढंच. त्यानंतर आम्ही भांडलो नाही, अबोलाही धरला नाही. दिवाळी, गणपती, बारक्याचं बारसं, सगळ्याला गेलो. फोनवर आईच्या गोळ्या आणि पैसे हे दोन विषय, आणि मग "बरं, ठेवतो". सहा वर्षं. तो टीव्ही गेम दुकानाच्या माळ्यावरच्या खोक्यात होता. त्या दिवशी चिखलाच्या ढिगात त्याचा एक रिमोट मला दिसला होता, दुसरा. मी उचलला नाही.

असो. दिवाळीला पोचलो. पायला प्लास्टिकची डबी घेतली होती, त्यामुळे प्रकरण जरा सादर करण्यालायक दिसत होतं. दादाने हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"एवढाच?"

"एवढाच."

"ह्यात पंखा नाही?"

"लागत नाही एवढ्याला."

"हं," म्हणाला आणि खाली दुकानात गेला.

पहिली अडचण मी गृहीतच धरली नव्हती. भिंतीवरच्या एलईडी टीव्हीवर आईची मालिका. साडेसात ते दहा. त्यात काही वाटाघाटी होत नाहीत. बारक्या रडकुंडीला आला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आतल्या खोलीत जुना टीव्ही आहे ना, ह्यांनी चालू ठेवलाय तो." एकवीस इंची, डबा टीव्ही, पाठीला पोक. ज्याच्यावर आम्ही खेळलो तोच! वर होता म्हणून पुरातून वाचला.

पण त्याला एचडीएमआय कुठलं? मागे फक्त पिवळं आणि पांढरं भोक. पायच्या हेडफोनच्या भोकातून चित्र आणि आवाज दोन्ही निघतात, हे मला माहीत होतं, तशी वायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालीही. एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल. पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लालला जागाच नाही म्हणून ती लोंबकळत सोडली. चालू केलं. टीव्हीवर काळोख. रिमोटचं बटण दाबलं की आतून टिक टिक आवाज येतोय, म्हणजे सिस्टिम चालू आहे, पण चित्र नाही. मी लॅपटॉप काढला. सेटिंगची फाइल उघडली, ही ओळ बदल, ती ओळ बदल, कार्ड काढ, कार्ड घाल. तासभर. बारक्या झोपला.

साडेनऊला दुकान बंद करून दादा वर आला. दारात उभा राहून दोन मिनिटं बघत होता.

"आवाज येतोय?"

"येतोय."

"चित्र नाही?"

"नाही. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी..."

"वायर दे."

खालून मल्टिमीटर घेऊन आला. "तुझ्या त्या डबीच्या पिनेवर कुठे काय आहे ते बघ." मी मोबाइलवर शोधून वाचलं. टोकाला डावीकडचा आवाज, मग उजवीकडचा, मग अर्थ, आणि सगळ्यात मागे चित्र. दादाने मीटरची एक काडी पिनेच्या मागच्या कड्यावर टेकवली आणि दुसरी एकेका रंगाला लावत गेला. पिवळी, काही नाही. पांढरी, काही नाही. लाल, टूंऽऽ.

"तुझं चित्र लालमध्ये येतंय. पिवळीत आवाज आहे. ही कॅमेऱ्याची वायर, ह्यांचा क्रम वेगळा असतो." आणि लोंबकळणारी लाल उचलून टीव्हीच्या पिवळ्या भोकात खुपसली.

चित्र आलं. काळं-पांढरं, पण आलं.

मी तासभर त्या फाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो, आणि चूक चाळीस रुपयांच्या वायरमध्ये होती. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

रंग मात्र माझ्या हद्दीतला प्रश्न निघाला. पायचं मूळ सेटिंग एनटीएससीचं असतं, अमेरिका-जपानच्या टीव्हीचं. आपल्याकडचे जुने टीव्ही पालचे. फाइलमध्ये एका ठिकाणी शून्याचे दोन केले, कार्ड परत घातलं आणि रंग आले. निळी चड्डी निळी, लाल चड्डी लाल. दादा खुर्ची ओढून बसला. मी काही न बोलता पहिला रिमोट त्याच्याकडे सरकवला. त्याने घेतलाही काही न बोलता.

पहिली लेव्हल. पुलावर येईपर्यंत दोघांचे एक एक लाइफ गेले. दादा म्हणाला, "हे फास्ट पळतंय."

"आपलं वय झालंय दादा."

"वय नाही. गाणं पण फास्ट आहे. मिक्सर एकच्या जागी दोनवर टाकल्यासारखं."

आणि माझी ट्यूब पेटली! सांगतो. मूळ जपानी मशीन सेकंदाला साधारण साठ चित्रं दाखवायचं, कारण तिथले टीव्ही साठचे. आपले टीव्ही पन्नासचे. आपल्याकडे विकलेल्या नकला पन्नासवर चालायच्या. आणि या गेमचं सगळं घड्याळ चित्रांवर चालतं: सैनिक किती पळणार, गोळी किती जाणार, गाण्यातला पुढचा सूर कधी. त्यामुळे जपानात पन्नास सेकंदांत होणाऱ्या गोष्टीला आमच्या घरी साठ सेकंद लागायचे. आम्ही अख्खं लहानपण त्या हळू काँट्रात काढलं होतं, आणि तोच आमचा काँट्रा. पुण्यात मी खेळलो तो जपानी लोकांचा.

एम्युलेटरच्या पर्यायांमध्ये रीजन असतं: ऑटो, एनटीएससी, पाल आणि चौथं डेंडी. डेंडी म्हणजे १९९२ साली रशियात आलेला असाच एक नकली डबा. तिथल्या पोरांनी मोठं होऊन बहुतेक हीच तक्रार केली असावी, म्हणून त्या सगळ्या पन्नासवाल्या नकलांना त्याचं नाव पडलं. मी डेंडी निवडलं. गेम पहिल्यापासून सुरू केला.

तो सुरुवातीचा सूर वाजला आणि दादा नुसता "हां" म्हणाला.

मग काय, बोटांना सगळं आठवत होतं. बंदूक कुठे मिळते, कुठे आडवं पडायचं, पुलाचा कुठला तुकडा उडतो. दादा अजूनही चांगली बंदूक मलाच घ्यायला लावतो. दुसरी लेव्हल संपून तिसरी आली, धबधब्याची. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे. इथे वर वर चढायचं असतं आणि स्क्रीन वरच्या माणसाबरोबर वर सरकते. एक जण पुढे निघून गेला की खालचा स्क्रीनच्या बाहेर पडतो आणि मरतो. कोणीही गोळी न मारता.

लहानपणी इथे माझी रड असायची. दादा दोन उड्या मारायचा आणि थांबायचा, दगडावर उभा राहून गोळ्या चुकवत, मी पोचेपर्यंत. त्या नादात स्वतः मरायचा.

या वेळी मी जोरात होतो. एक, दोन, तीन, चार दगड चढून गेलो. खालून फट् असा आवाज आला.

"थांब की रे जरा," दादा म्हणाला.

मी थांबलो. तो परत आला, चढायला लागला, एका दगडावरून घसरला. त्याचे लाइफ संपले. आमच्या कॅसेटमध्ये एक सोय होती. एकाचे लाइफ संपले की बटण दाबून दुसऱ्याचं घेता यायचं. लहानपणी मी दादाचे किती घेतले असतील याचा हिशोब नाही, विचारायचोसुद्धा नाही. दादा रिमोट हातात धरून नुसता बघत बसला होता. माझ्याकडे दोन शिल्लक होते.

"घे की," मी म्हटलं.

"राहू दे. तू जा पुढं."

"दादा, घे."

त्याने घेतलं. मग मी प्रत्येक दगडावर थांबलो. तो यायचा, मग मी. त्यात माझं उरलेलंही गेलं आणि दोघंही वरच्या राक्षसापर्यंत पोचलो नाही.

स्क्रीनवर गेम ओव्हर होतं तेव्हा मी म्हणालो, "पुराच्या वेळी मी लवकर यायला पाहिजे होतं." ठरवून नाही, निघून गेलं तोंडातून.

दादा बराच वेळ टीव्हीकडे बघत होता. मग म्हणाला, "तुझा रिमोट सापडला होता मला. लाल चड्डीचा. उघडून वाळवला, पण पट्टी गेली होती आतली." थोड्या वेळाने म्हणाला, "पहिला सापडलाच नाही."

मालिका संपली होती. आईने जेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी बारक्याला मिळाला निळा रिमोट आणि दादाला लाल. बारक्या धबधब्यावर सुसाट वर गेला आणि बापाला मारून मोकळा झाला. मी दादाला दाखवलं, की यात कुठेही सेव्ह करून ठेवता येतं, दोन बटणं एकदम दाबायची. लहानपणी लाइट गेले की सगळं शून्यावर यायचं. त्याने ते दोन-तीनदा करून पाहिलं. निघताना म्हणाला, "आपलं धबधब्याचं सेव्ह करून ठेव. त्याला हात लावू नको म्हणून सांगतो बारक्याला."

पुण्यात आल्यावर तीन आठवड्यांनी दादाचा फोन आला. महिन्याची पाच तारीख नव्हती आणि आईच्या गोळ्याही संपायच्या होत्या.

"अरे, वर कोपऱ्यात पिवळी वीज येतेय. आणि मधेच अडकतंय."

"दादा, त्याचा अडॅप्टर बदललाय का कोणी? मोबाइलचा चार्जर लावलाय का?"

"मी कशाला लावीन? मला कळत नाही होय?" मग फोन बाजूला धरून ओरडला, "आई, तुझा फोन कशावर लावलायस?"